वळणाचे पाणी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावणे धाडले तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलेन, अशी त्यांची समजूत असणार. बोनस, किमान वेतन, कंत्राटी पद्धत हे माझे रोजचे विषय. पण मी त्यांना म्हणालो, "या खेपेस मला पेशीतल्या पाण्यावर बोलू द्या." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी मोठ्या मनाने होकार दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आरंभीच एक कबुली देतो. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. विज्ञानाची पदवी माझ्याजवळ नाही. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर वाचनालयाच्या बाकावर बसून, आणि जे समजले नाही ते ज्यांना समजते त्यांना न लाजता विचारून. सभागृहात प्राध्यापक मंडळी बसली आहेत. माझे काही चुकले तर त्यांनी शेवटी अवश्य सांगावे. मला राग येणार नाही, माझा लाभच होईल.

हा विषय मी हौसेखातर निवडलेला नाही. माझ्या आयुष्यात दोन चुका घडल्या. एक माझ्या वडिलांच्या हातून, दुसरी माझ्या हातून. आम्हा दोघांनाही समोर तहान दिसली आणि आम्ही दोघांनीही पाणी दिले. दोन्ही वेळा त्या पाण्यानेच घात केला. असे का झाले, हे समजायला मला पुष्कळ वर्षे लागली. ती वर्षे आपली तरी वाचावीत, एवढाच माझा आजचा हेतू आहे.

पहिली चूक शेतातली. वाळवे तालुक्यात आमची दीड एकर काळी जमीन होती. कृष्णेचे पाणी उपसा योजनेने शिवारात आले आणि जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला. पहिली काही वर्षे उसाने घर हसते ठेवले. पुढे फडाच्या सखल कोपऱ्यात पाने पिवळी पडू लागली, शेंडे करपू लागले. वडील म्हणाले, "पाणी कमी पडतंय." रात्री-अपरात्री ते दारे धरायला जात आणि कंदील घेऊन मी मागे. ज्या कोपऱ्यात पीक सुकत होते तेथे दुप्पट पाणी सोडले जाई. पायाखाली चिखल आणि डोक्यावर वाळलेली पाने, हे दृश्य मी पोरवयात पाहिले. ओल्या रानात ऊस तहानेने वाळत होता. दोन-तीन हंगामांत वरंब्यांवर पांढरा थर आला. लोक म्हणाले, "रानाला मीठ फुटलं." ती जमीन पडली, आणि शेतकऱ्याचा मुलगा अठराव्या वर्षी ओतशाळेत हेल्पर म्हणून लागला.

दुसरी चूक त्या ओतशाळेतली. मी कामाला लागल्यास दहा-अकरा वर्षे झाली होती. मे महिना होता. भट्टीवर आमचा एक सोबती होता, वयाने थोरला, म्हणून आम्ही सारे त्याला दादा म्हणत असू. दुपारपर्यंत घामाने त्याची बंडी पिळून काढावी अशी झाली होती. मग त्याच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, डोके दुखू लागले. मी नुकताच युनियनचा कार्यकर्ता झालो होतो आणि मला वाटे की, कामगाराचे सर्व काही मलाच कळते. मी त्याला सावलीत बसवले आणि पाणी पाजू लागलो. "पी दादा, अजून पी." पाच-सहा तांबे पाणी त्याच्या पोटात गेले. त्याला उलटी झाली, तो असंबद्ध बडबडू लागला, आणि शेवटी त्याला झटका आला. टेंपोत घालून आम्ही त्याला मिरजेला नेले. डॉक्टरांनी विचारले, "काय दिलेत?" मी म्हणालो, "पाणी." "किती?" मी सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "पाणी दिलेत, मीठ कोठे दिलेत?"

दादा तिसऱ्या दिवशी शुद्धीवर येऊन माझ्याशी बोलला, म्हणून आज मी आपल्यापुढे तोंड उघडू शकतो. पण डॉक्टरांचा तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. शेतातल्या मिठाने ऊस मेला आणि मिठावाचून माणूस मरायला टेकला. हे दोन्ही खरे कसे असू शकेल?

मित्रहो, येथे टेबलावर दोन पेले आहेत. आमच्या एका कार्यकर्त्या भगिनीने ते आज सकाळी तयार करून आणले. दोन्हींत तासगावचे बेदाणे घातले आहेत. एका पेल्यात साधे पाणी आहे, दुसऱ्यात साखरेचा दाट पाक. पुढच्या रांगेतल्या मुलांनी जवळ येऊन पाहावे. साध्या पाण्यातले बेदाणे टम्म फुगले आहेत, जवळजवळ द्राक्षे झाली आहेत. पाकातले मात्र होते तसेच सुरकुतलेले आहेत. दोन्ही पेल्यांत पाणी आहे. पण एका पेल्यातले पाणी बेदाण्याच्या आत शिरले आणि दुसऱ्यातले शिरले नाही.

आता घरातले उदाहरण घ्या. काकडी चिरून तिच्यावर मीठ टाकले की थोड्याच वेळात तिला पाणी सुटते. म्हणून जाणत्या बायका कोशिंबिरीत मीठ वाढायच्या वेळी घालतात. ते पाणी आले कोठून? ते काकडीच्या पेशींत होते. मीठ बाहेर पडले आणि पाणी मिठाकडे निघाले. बेदाण्यात साखर आत होती म्हणून पाणी आत गेले. काकडीत मीठ बाहेर होते म्हणून पाणी बाहेर आले. नियम एकच आहे. मध्ये एक पातळ पडदा असतो, जो पाण्याला जाऊ देतो आणि विरघळलेल्या पदार्थाला अडवतो. अशा पडद्याच्या दोन बाजूंना विरघळलेल्या पदार्थाचे प्रमाण कमीजास्त असेल तर पाणी कमी प्रमाणाच्या बाजूकडून जास्त प्रमाणाच्या बाजूकडे जाते. आपल्यात म्हण आहे, वळणाचे पाणी वळणाला जाते. ओढ्याचे वळण उताराकडे असते. पेशीच्या पाण्याचे वळण हे असे असते.

आपल्या शाळांच्या पुस्तकांत या क्रियेला 'परासरण' म्हणतात. पण मला दुसरा शब्द अधिक आवडतो. याच सातारा जिल्ह्यात, वाईला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश आकाराला आला. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. त्या विश्वकोशात ही क्रिया 'तर्षण' या नावाने भेटते. 'तृष्' म्हणजे तहान लागणे, तृषा हा शब्दही त्यातलाच. ज्याने कोणी हा शब्द योजला त्याला माझा नमस्कार. विरघळलेल्या पदार्थाला जणू पाण्याची तहान असते, एवढे सारे त्या एका शब्दात आले.

हे माणसाला कळले कसे, तेही थोडक्यात सांगतो. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच पाद्र्याने मद्यार्क भरलेल्या भांड्याच्या तोंडावर जनावराच्या मूत्राशयाचे कातडे बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी कातडे फुगून टणक झाले. बाहेरचे पाणी आत शिरले होते. पुढे १८२० नंतरच्या दशकात दुत्रोशे या फ्रेंच वैद्याने या क्रियेचा पद्धतशीर अभ्यास केला आणि तिला नाव दिले. १८७७ मध्ये फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने मातीच्या सच्छिद्र भांड्यात कृत्रिम पटल तयार करून पाण्याचा हा रेटा चक्क मोजला. त्यातून जे निघाले ते ऐकून मी थक्क झालो. शंभर भाग पाण्यात एक भाग साखर, म्हणजे आपल्या चहाहूनही पुष्कळ फिके पाणी, पण योग्य पटलामागे ठेवले तर ते सुमारे सात मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकते. सात मीटर म्हणजे दुमजली घर. एवढे बळ चिमूटभर साखरेत आहे.

फेफरच्या आकड्यांवरून व्हान्ट हॉफ या डच शास्त्रज्ञाने नियम काढला, आणि १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. त्या नियमातली एक गोष्ट आम्हा संघटनावाल्यांना आवडण्यासारखी आहे. येथे वजनाला किंमत नाही, संख्येला आहे. विरघळलेला कण मोठा की लहान, हे पाणी पाहत नाही. कण किती, एवढेच चालते. याचा पुरावा आपण सर्वांनी दवाखान्यात पाहिला आहे. सलाईनच्या बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेले असते, म्हणजे लिटरमागे ९ ग्रॅम मीठ. ग्लुकोजच्या बाटलीवर ५ टक्के असते, म्हणजे लिटरमागे ५० ग्रॅम. आकड्यांत एवढे अंतर, तरी दोन्ही बाटल्यांतले पाणी रक्ताच्या जवळपास बरोबरीचे. कारण ग्लुकोजचा कण जड, त्यामुळे ५० ग्रॅमांत कण थोडे. मिठाचा कण हलका, शिवाय पाण्यात पडताच तो दुभंगतो आणि एकाचे दोन मोजले जातात.

याला समपरासारी द्रावण म्हणतात. ते का लागते? आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात टाकल्या तर पाणी आत घुसून त्या फुगतात आणि फुटतात. दाट मिठाच्या पाण्यात टाकल्या तर आतले पाणी बाहेर जाऊन त्या बेदाण्यासारख्या सुरकुततात. ९ ग्रॅमांच्या पाण्यात त्या सुखरूप राहतात. म्हणून निव्वळ शुद्ध पाणी कोणताही डॉक्टर शिरेतून चढवीत नाही. जे पाणी ओठाला अमृत, ते शिरेत विष ठरू शकते.

पडद्यातून पाणी जाते तरी कसे, हा प्रश्न फार दिवस अर्धवट सुटलेला होता. पेशीचे पटल स्निग्ध पदार्थाचे, त्यातून पाणी थोडेफार झिरपेल, पण काही पेशींतून ते फार झपाट्याने जाते. १९९२ साली पीटर अ‍ॅग्री या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने सिद्ध केले की, पटलात पाण्यासाठी वेगळ्या चिंचोळ्या वाटा असतात. प्रथिनाच्या त्या वाटेतून पाण्याचे कण एकामागून एक, रांगेने जातात. एका वाटेतून सेकंदाला सुमारे तीनशे कोटी कण. मीठ त्या वाटेने जाऊ शकत नाही. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात अ‍ॅग्रीचा वाटा होता. मात्र एक लक्षात ठेवा, वाट असली तरी पाण्याला कोणी ढकलीत नाही. दोन्ही बाजूंनी कणांची ये-जा चालूच असते. ज्या बाजूला मीठ-साखर अधिक, तिकडून परतणारे पाणी कमी पडते, आणि हिशेबाअंती पाणी तिकडे साचते. पेशी पाणी खेचीत नाही, ती फक्त मीठ-साखरेचा हिशेब राखते. पाणी त्या हिशेबामागे चालत येते.

वनस्पतीची पेशी आपल्या पेशीहून एका बाबतीत भाग्यवान. तिला पटलाबाहेर आणखी एक भक्कम भिंत असते. पाणी आत शिरले तरी ती सहसा फुटत नाही, फुगून ताठ उभी राहते. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरावी तसे पेशीत पाणी भरलेले असते आणि त्याच ताठपणावर कोथिंबिरीची जुडी उभी असते. बाजारातली मावशी सुकत चाललेल्या मेथीवर पाण्याचा हबका मारते, तेव्हा ती याच नियमाने पेशींना पुन्हा ताठ करीत असते. द्राक्ष पिकण्याच्या सुमारास अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात आणि बागाईतदार कपाळाला हात लावतो. मण्यात साखर भरलेली, वरून आणि मुळांतून आलेले पाणी आत शिरते, सालीला ताण सोसवत नाही. तासगाव-मिरज भागातल्या घरांनी हे दुःख भोगलेले आहे.

हाच नियम आपल्या फडताळातही काम करतो. उसाचा रस दुपारपर्यंत आंबतो, पण त्याच रसाची काकवी महिनोन्‌महिने टिकते. लोणचे मिठात टिकते, मोरांबा पाकात टिकतो. आंबवणारे जंतू हेही पेशीच आहेत. एवढ्या दाट मिठात किंवा साखरेत पडताच त्यांच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते आणि ते वाढू शकत नाहीत. आपल्या आज्यांना तर्षणाचे नाव ठाऊक नव्हते, पण बरणीत मीठ किती घालावे हे पुरते ठाऊक होते.

आता मी माझ्या दादाकडे परत येतो. घाम चाटून पाहिलात तर तो खारट लागतो. भट्टीपुढे आठ तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अंगातून लिटर-लिटर घाम जातो आणि त्यासोबत मीठही जाते. पेशींच्या बाहेरचे जे पाणी, म्हणजे रक्त आणि पेशींभोवतालचा द्रव, त्याचे प्रमाण राखण्याचे काम मुख्यतः मीठच करते. मी दादाला तांब्यामागून तांब्या साधे पाणी पाजले. आधीच मीठ गमावलेले रक्त त्याने अधिकच पातळ झाले. मग पाणी कोणीकडे जाणार? जेथे विरघळलेले अधिक तेथे, म्हणजे पेशींच्या आत. हातापायाच्या पेशी थोड्या फुगल्या तर निभावते. पण मेंदू कवटीच्या पेटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नाही. बडबड आणि झटका त्यातून आला. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत घेऊन दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. जादा पाणी काढून टाकण्याची ताकद त्यांच्यात आहे, पण उन्हाने आणि घामाने पिचलेल्या शरीरात ती वाट आखडते, आणि मी तर घटकाभरात तांबेच्या तांबे ओतले होते.

हाच हिशेब पटकीत आणि हगवणीत लागू पडतो, आणि तेथे तो लाखो जिवांचा हिशेब आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून, लोणंद-फलटणच्या वाटेने पंढरीला जाते. एके काळी वारीत पटकी शिरली की वाटेवर माणसे दगावत. पटकीत आतड्यातून पाणी आणि मीठ धो-धो वाहून जाते. साधे पाणी पाजले तर ते आतड्यात टिकत नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक दार असे आहे की, जे साखर आणि मीठ जोडीने आले तरच उघडते. पटकीच्या विषाने ते दार बिघडत नाही. साखर-मीठ त्या दाराने आत गेले की पाणी तर्षणाने मागोमाग जाते.

१९७१ साली बांगलादेशच्या लढ्याच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मापाने मिसळून ते पाणी पिंपांत भरले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. ज्या छावणीत शेकडा तीसच्या आसपास रुग्ण मरत होते, तेथे ते प्रमाण शेकडा चारच्या आत आले. यंत्र नाही, सुई नाही. तीन पुड्या आणि एक नेमका हिशेब. महालनबीस २०२२ साली वारले आणि १९२३ नव्हे, अगदी २०२३ साली, मरणोत्तर, त्यांना पद्मविभूषण मिळाले. उशीर झाला, पण मिळाले.

माप मात्र चुकू देऊ नका. पुडी मिळाली तर तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती सबंध विरघळवा. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. लेकराला गोड आवडते म्हणून साखर वाढवली, की आतड्यातले पाणी रक्तापेक्षा दाट होते, आणि मग तर्षण उलटे फिरते. शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते आणि हगवण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली आपले जुने माप आणखी फिके केले ते याच अनुभवाने.

आता जमीन. आमच्या वडिलांच्या रानात काय झाले, ते मला हे सारे समजल्यावर उलगडले. काळ्या जमिनीत मुळातच क्षार असतात. निचरा मंद. वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिले की भूजल वर चढते. ते क्षार घेऊन पृष्ठभागाशी येते, ऊन लागते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. येथपर्यंत तर्षण नाही, ही केशाकर्षणाची आणि बाष्पीभवनाची करामत आहे. तर्षण पुढे येते. मुळाच्या पेशीत मातीतल्या पाण्यापेक्षा विरघळलेले अधिक असते आणि वर पानांची ओढ असते, म्हणून मूळ पाणी पिते. मातीतले पाणीच खारट झाले की हा फरक घटतो. मुळाला पाणी दिसते, पण घेता येत नाही. क्षार आणखी वाढले तर मुळाला आपलेच पाणी राखणे जड जाते. त्यातच जमीन चिबड झाली की मुळांना हवा मिळत नाही. पायाखाली चिखल आणि डोक्यावर वाळलेली पाने, त्याचा अर्थ हा. वडील दुप्पट पाणी देत होते आणि प्रत्येक पाण्याने भूजल आणखी वर आणीत होते.

हे संकट अनपेक्षित नव्हते. आपल्या शेजारी, नीरेच्या खोऱ्यात, कालवा आल्यावर जमिनी खारावल्या, तेव्हा हॅरोल्ड मान आणि तम्हाणे या शेतकी खात्यातील शास्त्रज्ञांनी त्यांची पाहणी करून १९१० साली पत्रिका छापली होती. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सूचना मिळालेली होती. तरी कृष्णाकाठी वाळवे, पलूस, मिरज आणि पलीकडे शिरोळ या भागांत हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी क्षारपड झाल्या. पाणी आणण्यासाठी आपण सभा घेतल्या, मोर्चे काढले, सहकारी संस्था उभारल्या. त्यात मीही घोषणा दिल्या आहेत. पण आलेले पाणी जाणार कोठून, हे आम्ही विचारले नाही.

यावर उपाय आहे आणि तो करून पाहिलेला आहे. जमिनीत तीन-चार फूट खोल छिद्रांचे पाईप अंतराअंतराने घालायचे, ते मोठ्या पाईपला जोडायचे आणि त्याचे तोंड नाल्यात काढायचे. मग वरून चांगले पाणी दिले की ते क्षार धुऊन पाईपवाटे बाहेर नेते. पाहा, जे पाणी निचऱ्यावाचून विष होते, तेच निचऱ्यासह औषध होते. चोपण जमिनीचा रोग निराळा, तेथे माती तपासून जिप्सम घालावे लागते. त्यासोबत ताग-धैंचाचे हिरवळीचे खत, आणि मुळात पाटाऐवजी ठिबक. सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रजला कृषी संशोधन केंद्र आहे, तेथे जाऊन विचारा. मात्र एकट्या शेतकऱ्याने हे होत नाही. माझ्या रानाचे खारे पाणी शेजाऱ्याच्या बांधावर सोडून मी सुटत नाही. नाला सर्वांचा, म्हणून काम सर्वांनी मिळून करायचे.

आणि म्हणून पूर्वेकडच्या बांधवांना माझी हात जोडून विनंती आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचे पाणी आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या दुष्काळी शिवारांत पोचले. ज्या गावांनी टँकरची वाट पाहत पिढ्या काढल्या त्यांना ते मिळालेच पाहिजे होते. नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी त्यासाठी उतारवयातही लढा दिला. पण आमच्यासारखे करू नका. पाण्याची मागणी कराल तेव्हा त्याच अर्जात निचऱ्याचीही मागणी करा, आणि ऊस किती लावायचा ते आधी ठरवा.

आता ओतशाळेत पुढे काय झाले ते सांगून संपवतो. दादा बरा झाल्यावर आम्ही एक मागणीपत्र दिले. भट्टीजवळ मीठ-साखर-लिंबाचे पाणी मापाने ठेवावे, आणि मार्च ते जून दर तासाला काही मिनिटे सावलीत विसावा मिळावा. उत्तर आले, "पिण्याचे पाणी भरपूर आहे. कायद्यात पाणी लिहिले आहे, लिंबू सरबत नाही." खरेच होते ते. १९४८ च्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याची, आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय सक्तीची केली होती, मिठाचा त्या कलमात उल्लेख नव्हता. मग मी व्यवस्थापकांच्या टेबलावर असेच दोन पेले ठेवले, असेच बेदाणे घातले आणि म्हणालो, "साहेब, उद्या सकाळी पाहा." पेल्यांनी सर्व काम केले असे मी म्हणणार नाही. तीन आठवडे आम्ही दारात सभा घेतल्या, तेव्हा पिंप आले. विसावा मिळवायला आणखी एक उन्हाळा गेला. पण बोलणी करताना मला प्रथमच असे वाटले की, आपण दया मागत नाही, हिशेब मागतो आहोत.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. माझे बोलणे ऐकून उद्यापासून सर्वांनी मीठ वाढवू नये. बसून काम करणाऱ्याला जेवणातले मीठ पुरते, बहुधा जास्तच होते. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. आणि उन्हात कोणाचे अंग तापून शुद्ध हरपू लागली तर सरबताच्या भरवशावर थांबू नका. सावली, अंगावर पाणी, वारा, आणि लगेच दवाखाना.

माझे वडील आज नाहीत. शेवटच्या दिवसांत मी त्यांना हे बेदाणे दाखवले होते. पेल्याकडे बराच वेळ पाहून ते म्हणाले, "म्हंजे मी त्याला पाणी देतच न्हवतो म्हण की." मी म्हणालो, "देत होता, आबा. त्याला घेता येत नव्हतं." त्यांनी मान हलवली आणि पेल्यातला एक फुगलेला बेदाणा उचलून तोंडात टाकला.

 पेले येथेच ठेवतो, मुलांनी जाता जाता पाहून जावे.